स्वस्त उबेचा हिशेब : लंडन, कोळसा आणि धूर

१ डिसेंबर १९५२ रोजी ब्रिटनमध्ये एक लहानसा सरकारी निर्णय अमलात आला. 'नटी स्लॅक' या नावाने ओळखला जाणारा हलक्या प्रतीचा कोळसा रेशनिंगमधून मुक्त झाला. खाणीतून निघालेल्या मालातले चांगले मोठे ढेकळे बाजूला काढल्यावर खाली जी भुकटी आणि जे बारीक तुकडे उरतात, ते म्हणजे हा कोळसा. तो जळताना उष्णता कमी आणि धूर जास्त, हे घेणाऱ्यालाही ठाऊक होते. परंतु युद्ध संपून सात वर्षे झाली तरी घरगुती कोळशावरील नियंत्रण उठलेले नव्हते, चांगला कोळसा परकीय चलनासाठी निर्यात होत होता आणि थंडी कडाक्याची पडली होती. अशा वेळी परवडेल अशा दरात, हवे तितके जळण मिळू लागले, ही सामान्य गृहिणीच्या दृष्टीने आनंदाचीच वार्ता होती.

त्यानंतर चौथ्याच दिवशी, ५ डिसेंबरला, लंडनवर धुके उतरले ते ९ तारखेपर्यंत हलले नाही. जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेच्या थराखाली कोंडली गेली आणि लाखो धुरांड्यांतून निघालेला धूर शहरातच साचत राहिला. भर दुपारी चालणाऱ्याला स्वतःची पावले दिसेनात. बसगाड्यांपुढे दिवा घेऊन माणसे चालू लागली. पशुप्रदर्शनासाठी आणलेली काही गुरे गुदमरून मेली. एका नाट्यगृहात धूर शिरल्यामुळे चालू असलेला ऑपेरा अर्धवट थांबवावा लागला. माणसे किती मेली, हे मात्र त्या दिवसांत कोणाच्या ध्यानातही आले नाही. दोष एकट्या नटी स्लॅकचा होता, असे म्हणणे अर्थातच अन्यायाचे होईल. वीजकेंद्रे होती, कारखाने होते, त्याच वर्षी जुलैमध्ये बंद झालेल्या ट्रामगाड्यांच्या जागी आलेल्या डिझेलच्या बसगाड्याही होत्या. तरीही गरिबाला परवडणारे जळण आणि गरिबाच्याच छातीत भरणारा धूर ही जोडी त्या आठवड्यात जितकी उघडी पडली तितकी क्वचितच पडली असेल.

आपल्याकडच्या वाचकाला या प्रश्नाचे गांभीर्य चटकन जाणवत नाही, याला कारण आहे. सरपण, गोवऱ्या, लोणारी कोळसा या वस्तू आपण ओळखतो त्या चुलीच्या आणि फार तर न्हाणीघरातल्या बंबाच्या संदर्भात. थंडीसाठी म्हणून आपल्याकडे पेटते ती शेकोटी, आणि तीही अंगणात. घराच्या भिंती, हवा, अंथरूण हे सारे चार-पाच महिने उबदार ठेवण्यासाठी रोज पैसे जाळावे लागणे हा अनुभव आपल्या संसाराच्या हिशेबात बसत नाही. इंग्रजी कादंबऱ्यांतून लंडनचे धुके आपल्याकडे आले ते गूढरम्य वातावरण म्हणून. त्यातला बराचसा भाग धुके नसून धूर होता, आणि तो कोणाच्या तरी स्वस्त उबेचा धूर होता, याचा विचार त्या कादंबऱ्या वाचताना आपण फारसा करीत नाही. १९०५ मध्ये या मिश्रणाला 'स्मॉग' हे जोडनाव मिळाले. तोवर भाषेनेही धुराला धुक्याआड लपू दिले होते.

ही कथा जुनी आहे. ईशान्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जहाजाने लंडनला येणाऱ्या दगडी कोळशाला 'समुद्री कोळसा' म्हणत. तेराव्या शतकात तो मुख्यतः चुन्याच्या भट्ट्यांत आणि लोहारांच्या भात्यांपुढे जळे. घरात तो घेण्यास कोणी तयार नसे, कारण त्याच्या गंधकमिश्रित धुराने डोळे चुरचुरत आणि अन्नाला वास लागे. १२५७ मध्ये तिसऱ्या हेन्रीची राणी एलिनॉर कोळशाच्या धुराला कंटाळून नॉटिंगहॅम सोडून गेली. पुढे १३०६-०७ च्या सुमारास पहिल्या एडवर्डने लंडनच्या भट्ट्यांमध्ये हा कोळसा जाळण्यास मनाई केली. मनाई टिकली नाही. चुना हवा होता, आणि लाकडापेक्षा कोळसा स्वस्त पडत होता. राजाज्ञेत पर्यायी जळणाची काही तरतूद नव्हती.

सोळाव्या शतकात कोळसा घरात शिरला. लंडनची वस्ती झपाट्याने वाढली. १६०० च्या सुमारास ती दोन लाखांच्या घरात आणि १७०० मध्ये पाच लाखांवर गेली. एवढ्या लोकांना पुरेल इतके लाकूड जवळच्या रानांत नव्हते, आणि दूरचे लाकूड गाडीने आणायचे तर भाडेच मालाच्या मोलाला भारी पडे. इंग्लंडात खरोखर लाकडाचा दुष्काळ होता की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण लंडनच्या बाजारात तेवढ्याच उष्णतेसाठी लाकूड महाग आणि कोळसा स्वस्त झाला, याविषयी फारसा वाद नाही. आपण ज्याला 'परवडणे' म्हणतो त्या गोष्टीने येथे एका संस्कृतीचे घर बदलून टाकले. लाकूड घराच्या मधोमध पेटवले आणि धूर छपरातून जाऊ दिला तरी चालत असे, कोळशाला ते चालत नाही. त्याला खालून हवा मिळणारी लोखंडी जाळी लागते आणि धूर ओढून घेणारी अरुंद नळी लागते. विल्यम हॅरिसनने १५७७ मध्ये इंग्लंडचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात त्याच्या गावातले म्हातारे आपल्या हयातीत झालेल्या मोठ्या बदलांमध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या असंख्य धुरांड्यांची गणना करतात. स्वस्त जळणासाठी आधी भिंत बांधावी लागली, हे त्यातले मर्म आहे.

एकदा भिंत बांधली की मागे फिरणे कठीण. १६४३ मध्ये यादवी युद्धात न्यूकॅसल राजपक्षाच्या हाती होते, म्हणून पार्लमेंटने तेथील कोळशाचा व्यापार बंद केला आणि लंडन गारठले. विरोधकांच्या जमिनींवरील झाडे तोडून शहराला सरपण पुरवण्याची परवानगी पार्लमेंटला द्यावी लागली. पुढच्या वर्षी न्यूकॅसल पडले तेव्हा कोठे जहाजे पुन्हा सुरू झाली. शासनाच्याही ध्यानात आले, की ज्या वस्तूवाचून माणूस राहू शकत नाही तिच्यावर कर बसवणे सर्वांत सोयीचे. १६६२ मध्ये घरातील प्रत्येक चुल्हाणामागे वर्षाला दोन शिलिंग असा कर आला. त्यातून अतिगरीब घरांना सूट असली तरी मोजणीसाठी माणसे घरात शिरत, त्यामुळे तो कमालीचा अप्रिय ठरला आणि १६८९ मध्ये रद्द झाला. १६६६ च्या आगीनंतर शहर पुन्हा उभारण्यासाठी कोळशावर जकात बसली. सेंट पॉलचे भव्य कॅथीड्रल बव्हंशी या जकातीच्या पैशातून उभे राहिले, आणि पुढे त्याच कोळशाच्या काजळीने काळे पडले. इतिहास कधीकधी इतका उघड बोलतो, की भाष्यकाराला काम उरत नाही.

या व्यवस्थेत गरिबाची अडचण दुहेरी होती. ज्याच्याकडे तळघर आणि हाती पैसा, तो उन्हाळ्यात भाव उतरलेला असताना वर्षाची बेगमी करून ठेवी. ज्याची मजुरी रोजची, तो ऐन हिवाळ्यात, वादळांमुळे जहाजे कमी येत असताना, मापटे-मापटे विकत घेई. म्हणजे तोच कोळसा गरिबाला महाग पडे. शहरातल्या व्यावसायिक संघांनी गरिबांसाठी कोळसा साठवून कमी दराने विकावा, अशी व्यवस्था सतराव्या शतकात करण्यात आली होती. तिच्या मागे दयाबुद्धी जितकी होती तितकीच दंग्याची भीतीही असावी.

जॉन एव्हलिनने १६६१ मध्ये 'फ्युमिफ्युजियम' ही पुस्तिका दुसऱ्या चार्ल्सला अर्पण केली. लंडनच्या धुराविरुद्ध लिहिल्या गेलेल्या आरंभीच्या ग्रंथांत तिचे स्थान मोठे आहे. त्याने दोष दिला तो मद्य गाळणारे, रंगारी, साबण उकळणारे, चुना भाजणारे यांच्या भट्ट्यांना. स्वयंपाकघरातल्या धुरांड्यांचा वाटा त्याने नगण्य मानला. भट्ट्या शहराबाहेर हलवाव्यात आणि सुगंधी झाडे लावावीत, ही त्याची योजना सुंदर होती. परंतु चुलाणाविषयीचे हे मौन पुढे फार काळ टिकले. कारखान्याला दोष देणे सोपे असते. आपल्याच बैठकीतल्या निखाऱ्यांकडे बोट दाखवणे कोणालाच आवडत नाही.

स्वस्त कोळशाची एक किंमत तर लहान मुलांनी भरली. अरुंद नळ्या काजळीने बुजत, आणि त्या साफ करण्यासाठी पाच-सहा वर्षांची पोरे आत चढवली जात. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने धुरांडी साफ करणाऱ्यांच्या एका कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडून दाखवला. एखाद्या व्यवसायाशी कर्करोगाचे नाते सांगणारे ते पहिल्या निरीक्षणांपैकी एक. ब्लेकने १७८९ मध्ये या मुलांवर कविता लिहिली, किंग्जलीने १८६३ मध्ये कादंबरी. कायदे १७८८, १८३४, १८४० असे एकामागून एक झाले, पण प्रथा खऱ्या अर्थाने संपली ती १८७५ च्या कायद्याने. लांब दांड्याचे ब्रश त्याच्या कितीतरी आधीपासून उपलब्ध होते. मूल अधिक स्वस्त होते, एवढेच.

एव्हाना उघडे चुल्हाण हे जळणाचे साधन न राहता इंग्रजी कुटुंबजीवनाचे प्रतीक झाले होते. १७९६ च्या सुमारास काउंट रम्फर्डने दाखवून दिले, की अशा चुल्हाणातली बहुतेक उष्णता धुरांड्यावाटे वाया जाते. त्याने सुचवलेली आटोपशीर रचना काहींनी स्वीकारली, पण बंद शेगडी इंग्रज मनाला रुचली नाही. निखारे दिसले पाहिजेत, हा आग्रह कायम राहिला. डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये (१८४३) मालकाची कृपणता कळते ती कारकुनाच्या वाट्याला आलेल्या अल्पशा निखाऱ्यावरून, कारण कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत असते. ऑर्वेलची साक्ष तर विशेष मोलाची आहे. 'द रोड टु विगन पिअर'मध्ये (१९३७) बेकार खाणकामगार आणि त्यांच्या बायका टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांतून कोळशाचे तुकडे वेचताना त्याने पाहिल्या. ज्यांनी आयुष्यभर कोळसा खणला त्यांना घरात जाळायला तो चोरून वेचावा लागत होता. आणि हाच ऑर्वेल १९४५ च्या डिसेंबरात वृत्तपत्रीय लेखात उघड्या चुल्हाणाची बाजू घेतो. ते उधळे आहे, घाण करते, अंगाची एकच बाजू शेकते, हे मान्य करूनही कुटुंबाला ते एकत्र बसवते, असे तो म्हणतो. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे. मला वाटते, धुराविरुद्धचे सारे युक्तिवाद इतकी शतके का हरले, याचे प्रामाणिक उत्तर त्या लेखात आहे. ऊब ही केवळ उष्णता नसते.

१९४७ च्या हिवाळ्याने ब्रिटनला पुरते हैराण केले होते. खाणींचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारीला झाले आणि त्याच महिन्यात बर्फ पडू लागले. रेल्वे अडल्या, कोळसा खाणींवरच अडकला, घरांची वीज दिवसाचे काही तास बंद ठेवावी लागली. ती आठवण ताजी असणाऱ्या लोकांना १९५२ मध्ये स्वस्त भुकटी कोळसा नाकारा, असे कोण सांगणार? पाच दिवसांच्या त्या धुरानंतर सुमारे चार हजार जादा मृत्यूंची नोंद झाली. वृद्ध, तान्ही मुले आणि आधीच छातीचे विकार असणारे लोक त्यांत अधिक होते. पुढच्या दोन-तीन महिन्यांतही मृत्यूंचे प्रमाण चढेच राहिले. सरकारने ते इन्फ्लुएंझाच्या खाती टाकले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते सारे इन्फ्लुएंझाने झाले हे अमान्य करून एकूण आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. हिशेबातले खाते बदलले, की मृत्यूही बदलतात.

ह्यू बीव्हर यांच्या समितीने १९५४ मध्ये अहवाल दिला. घरगुती चुल्हाणे देशातल्या कोळशाचा थोडाच भाग जाळतात, पण धुरात त्यांचा वाटा जवळजवळ निम्मा आहे, हे त्यातून पुढे आले. एव्हलिनने सोडून दिलेला धागा तीनशे वर्षांनी हाती लागला. १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा त्यावर उभा राहिला. धूरमुक्त क्षेत्रे जाहीर झाली, आणि त्या क्षेत्रातल्या घरमालकाला शेगडी बदलण्याच्या रास्त खर्चापैकी दहातील सात हिस्से सार्वजनिक तिजोरीतून मिळतील, अशी तरतूद करण्यात आली.

माझ्या मते या कायद्याचे खरे महत्त्व मनाईत नसून या सात हिश्श्यांत आहे. १३०६ ची राजाज्ञा फसली आणि १९५६ चा कायदा पुष्कळसा टिकला, यातला फरक केवळ राज्ययंत्रणेच्या बळाचा नाही. पहिल्याने भट्ट्यांचे जळण नुसते बंद केले, दुसऱ्याने बदलाचा मोठा भाग समाजाच्या अंगावर घेतला. नशीबही साथीला आले. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला, १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभरची गॅसची उपकरणे त्यासाठी बदलली गेली, आणि निखाऱ्यांची जागा भिंतीवरच्या बॉयलरने घेतली. लंडनचे धुके हळूहळू साहित्यापुरते उरले.

प्रश्न मात्र उरला. १९९१ मध्ये ब्रेंडा बोर्डमन यांनी 'जळणदारिद्र्या'वर ग्रंथ लिहिला आणि मिळकतीचा दहावा हिस्सा घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी खर्चावा लागणे ही त्याची कसोटी रूढ झाली. १९९७ पासून वृद्धांना हिवाळ्यासाठी इंधनभत्ता मिळू लागला. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर वायूचे भाव भडकले आणि 'ऊब की अन्न' हा पर्याय पुन्हा घराघरांत बोलला जाऊ लागला. २०२४ मध्ये बहुतेक वृद्धांचा भत्ता काढून घेण्यात आला, आणि असंतोष इतका झाला की २०२५ मध्ये तो पुष्कळांना परत द्यावा लागला. दरम्यान मे २०२३ पासून इंग्लंडात घरगुती वापरासाठी पारंपरिक दगडी कोळशाची विक्री बंद झाली, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमधले कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्रही थांबले. सातशे वर्षांचा एक व्यवहार असा मिटला.

या इतिहासातून काही बोध घ्यायचाच, तर तो जळणाविषयी नसून 'स्वस्त' या शब्दाविषयी आहे. बाजारात वस्तू स्वस्त मिळते तेव्हा तिच्या किमतीचा उरलेला भाग नाहीसा झालेला नसतो. तो कोणीतरी भरत असतो : नळीत चढलेले पोर, ढिगाऱ्यावर वाकलेली बाई, डिसेंबरातल्या रात्री श्वासासाठी झगडणारा म्हातारा. आणि बहुतेक वेळा हा भरणा करणारा आणि ती स्वस्त वस्तू नाइलाजाने विकत घेणारा माणूस एकच असतो. त्याला धुराचे दुष्परिणाम समजावून सांगण्याची गरज नसते, ते त्याला सर्वांच्या आधी कळलेले असतात. त्याला हवे असते दुसरे जळण, आणि ते परवडेल अशी सोय.