वरोऱ्याचे उपनगराध्यक्ष आणि भिकेचा प्रश्न

भिकाऱ्यांचा बंदोबस्त करा, अशी मागणी कोणत्याही गावात अधूनमधून उठतेच. बंदोबस्त म्हणजे काय, तर ते डोळ्यांपुढून हलवावेत. तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५९ साली भीक प्रतिबंधक कायदा केला, त्यात हाच विचार आहे. या कायद्याने भीक मागणाऱ्याला वॉरंटशिवाय पकडता येते आणि एक ते तीन वर्षे, पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंतही डांबता येते. भिकेसाठी अंगावरची जखम किंवा व्यंग दाखवणे हीसुद्धा त्याच्या व्याख्येप्रमाणे भीकच. हे वाक्य कोणाला उद्देशून होते हे सांगायला नको. त्या काळी बाजारात, देवळापाशी, स्टेशनवर बोटे झडलेले हात पुढे करून बसणारे बहुतेक महारोगीच असत. आज आपण त्यांना कुष्ठरुग्ण म्हणतो.

या कायद्याच्या आधी आठ वर्षे आपल्या चांदा जिल्ह्यात वेगळेच काही सुरू झाले होते. मुरलीधर देवीदास आमटे हे वरोऱ्यातले वकील, पुढचे बाबा आमटे. ते वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. भंगी कामगारांचे गाऱ्हाणे त्यांच्यापुढे आले तेव्हा त्यांनी स्वतः मैल्याची पाटी डोक्यावर घेतली, हे जुने लोक अजून सांगतात. त्याच दिवसांत पावसात पडलेला एक महारोगी पाहून ते आधी भिऊन निघून गेले, मग परत फिरले आणि शेवटपर्यंत त्याची सेवा केली. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पुढची मात्र कमी सांगितली जाते.

विदर्भात या कामाची वाट आधीच पडली होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून महारोग्यांत काम चालवले होते, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले. बाबांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली, कलकत्त्याला जाऊन उपचार शिकून आले आणि १९५१ मध्ये वरोऱ्याबाहेर पन्नास एकर खडकाळ जागेवर आनंदवन सुरू केले. सोबत साधनाताई, दोन लहान मुले, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. उद्घाटन विनोबांनी केले. पहिले काम विहीर खणण्याचे. ज्यांच्या बोटांना कुदळ धरवत नव्हती त्यांनीच ती खणली.

वर्षभरातच शेत पिकू लागले, गाईचे दूध निघू लागले. पण घेणार कोण? महारोग्याच्या हातची भाजी वरोऱ्यात कोणी घेईना. भीक घालणारा माणूस त्याच हाताकडून दोन आण्यांची वांगी विकत घ्यायला तयार नव्हता! भीक लांबून टाकता येते, भाजी मात्र घरात न्यावी लागते, ताटात वाढावी लागते. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी तरुण आनंदवनात येऊन राहिले, रोग्यांबरोबर बांधकाम केले, त्यांच्या शेतातले अन्न खाल्ले. ते पाहून गावाची भीती हळूहळू गेली आणि माल खपू लागला. आपली माणसं सांगत होती तेव्हा गावानं ऐकलं नाही, गोऱ्यांनी खाल्लं तेव्हा पटलं. असो! माझ्या मते वरोऱ्याच्या इतिहासात ती पहिली भाजीविक्री उद्घाटनापेक्षाही मोठी.

विहारात येणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. उरलेसुरले मागून खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला बजावले. चांद्याला १६ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्यात बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे पुढे होते. गावोगावच्या म्होरक्यांनी वस्तीत बसून निर्णय घेतले आणि शिळी भाकर मागणे बंद झाले. पण आपल्या माणसाला नागपूरची गिरणी होती, बल्लारपूरची खाण होती. हात धड होते, ते कोठेतरी विकता येत. महारोग्याने नुसता निर्धार करून काय केले असते? त्याला कामावर ठेवणारा मालकच नव्हता. म्हणून त्याच्यासाठी आधी जमीन आणि मग गिऱ्हाईक मिळवावे लागले. (भिक्खूंचा पिंडपात ही निराळी गोष्ट, ती इथं मिसळू नये.)

आनंदवन वाढले. हातमाग, सुतारकाम, छपाई आली, कॉलेज निघाले. मूल तालुक्यात सोमनाथला १९६७ पासून भातशेती उभी राहिली. १९७३ मध्ये डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकशाला गेले, तेव्हा त्यांच्या पाठीशी आनंदवनातले कार्यकर्तेही होते. एके काळी ज्यांच्यापुढे कटोरा होता त्यांच्या संस्थेने माडिया आदिवासींसाठी दवाखाना उभारला.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. रोग बरा झाला तरी पुष्कळांना घरच्यांनी परत घेतले नाही. आनंदवन त्यांचे गाव झाले ते काही अंशी दुसरे गावच उरले नव्हते म्हणून. गावाने भाजी घेतली, माणूस मात्र घेतला नाही.

बाबा २००८ मध्ये गेले. त्या भीक कायद्याची मुख्य कलमे दिल्लीपुरती तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. चंद्रपूर आणि गडचिरोलीत कुष्ठरोग मात्र संपलेला नाही. आता बहुविध औषधोपचाराने तो पुरता बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आशाताई घरोघरी येऊन अंगावरचा बधिर चट्टा विचारतात. तो लपवला नाही तर बोटे झडत नाहीत.