हाडांतील गांठ आणि तिचें स्थान

मुलाच्या दंडाच्या हाडांत गांठ झाली, तर हात राखावा कीं कापावा, हा शल्यवैद्यापुढें एकेकाळीं मोठाच पेंच असे. बोस्टनचे डॉ. कॉडमन यांनीं १९३१ सालीं त्या हाडाच्या वरच्या टोकाशीं होणारी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, गांठ वर्णिली. पण गणिली महापेशींच्या गांठींतच. १९४२ सालीं न्यूयॉर्कचे जॅफे व लिक्टेनस्टाइन यांनीं ती निराळी व सौम्य ठरविली. वाढत्या वयांत लांब हाडाच्या अगदीं टोकाशीं उद्भवणें, ही तिची मुख्य खूण. तसेंच बोटांतील कूर्चेची गांठ बहुधा निरुपद्रवी असते; कटीच्या हाडांत मात्र तशाच दिसणाऱ्या पेशी घातक ठरूं शकतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला क्ष-किरणांचें चित्र हवेंच. गांठीचें स्थान कळल्यावांचून तिचा स्वभाव कळत नाहीं.