करड्या अक्षरांचे मौन

प्रबंध सादर करण्याच्या आदल्या संध्याकाळी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन विभागात आली. "सर, तळटीपच घालता येत नाहीये," एवढेच ती म्हणाली. वर्डच्या मेनूत तळटीपेची आज्ञा दिसत होती, पण करड्या, फिकट अक्षरांत. कितीही क्लिक केले तरी निर्जीव. तिने संगणक दोनदा बंद करून सुरू केला होता आणि एका मित्राच्या सल्ल्यावरून वर्ड काढून पुन्हा बसवले होते. दोष मात्र वर्डमध्ये नव्हताच. उद्धृत केलेल्या ओव्या देखण्या दिसाव्यात म्हणून तिने त्या टेक्स्ट बॉक्समध्ये घातल्या होत्या आणि कर्सर त्या चौकटीत होता. वर्डमध्ये टेक्स्ट बॉक्सच्या आत तळटीप घालता येत नाही. कर्सर चौकटीबाहेरच्या प्रास्ताविक वाक्यावर आणताच आज्ञा काळी झाली.

अडचण दोन मिनिटांत सुटली, पण एक प्रश्न मागे राहिला. यंत्राला नकाराचे कारण ठाऊक होते; मग ते त्याने सांगितले का नाही? या मौनाला एक इतिहास आहे.

१९७४च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पार्क या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोन्यी यांनी 'ब्राव्हो' हा शब्दसंस्कारक तयार केला. कागदावर जसे उमटेल तसेच पडद्यावर दाखवणाऱ्या आरंभीच्या प्रणालींपैकी तो एक. मात्र त्यात कळफलकाच्या दोन अवस्था होत्या. एकीत दाबलेली कळ अक्षर उमटवी, दुसरीत तीच कळ आज्ञा ठरे. आपण कोणत्या अवस्थेत आहोत याचा विसर पडला की अनर्थ होई. आज्ञेच्या अवस्थेत असताना चुकून 'एडिट' हा इंग्रजी शब्द टंकला तर 'ई'ने सगळा मजकूर निवडला जाई, 'डी'ने तो पुसला जाई, 'आय'ने नवा मजकूर घालण्याची अवस्था येई आणि संपूर्ण लेखाच्या जागी एकटे 'टी' हे अक्षर उरे. ही कथा संगणकाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते.

याच केंद्रात काम करणारे लॅरी टेस्लर यांनी अशा अवस्थांविरुद्ध जणू आयुष्यभराची मोहीमच उघडली. त्यांनी टिम मॉट यांच्यासह रचलेल्या 'जिप्सी'त कट आणि पेस्ट यांना आजचे रूप मिळाले. १९८० साली टेस्लर अ‍ॅपलमध्ये गेले. १९८३ची लिसा आणि १९८४चा मॅकिंटॉश या संगणकांनी वरून खाली उघडणारे मेनू सर्वसामान्यांपर्यंत नेले. करडी आज्ञा रूढ झाली ती या मेनूंबरोबर. चूक झाल्यावर दटावण्यापेक्षा चूक होऊच देऊ नये, हा तिच्यामागचा विचार. काहीच निवडलेले नसेल तर 'कट' फिकट आणि चिकटवायला काही नसेल तर 'पेस्ट' फिकट. आज्ञा आपली जागा सोडत नाही, त्यामुळे ती कोठे असते हे लक्षात राहते. मात्र आत्ता तिचा उपयोग नाही, एवढे कळते.

'कट'बाबत हे पुरेसे होते, कारण तिथे कारण उघड असते. पुढे वर्डसारख्या प्रणालींत शेकडो आज्ञा आल्या आणि कारणे दृष्टीआड गेली. २००८ साली जोएल स्पोल्स्की या प्रोग्रामरने आज्ञा लपवूही नका आणि फिकटही करू नका, अशी भूमिका मांडली. आज्ञा चालू ठेवा आणि ती का पार पडत नाही ते वाचकाला सांगा, असा त्यांचा आग्रह होता. त्यापूर्वी ऑफिस २०००ने क्वचित लागणाऱ्या आज्ञा मेनूतून लपवून पाहिल्या होत्या. डोळ्यांसमोरून आज्ञाच नाहीशी झाल्यावर लोक अधिकच गोंधळले. त्या मानाने करडेपण प्रामाणिक म्हणावे लागेल.

मराठीत लिहिणाऱ्यांना मात्र याची उलट बाजूही ठाऊक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण ज्या फाँटांत लिहीत होतो, त्यांत देवनागरीची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. वर्डच्या लेखी आपला मजकूर इंग्रजीच होता, म्हणून त्याने आपल्याला काहीही नाकारले नाही. शुद्धलेखन तपासणी उत्साहाने चाले आणि पानभर तांबड्या रेघा ओढी. वाक्यारंभीचे अक्षर मोठे करण्याची स्वयंचलित सोय एका वर्णाच्या जागी भलताच वर्ण आणून ठेवी. आज्ञा सगळ्या काळ्या, ठळक. आणि सगळ्या चुकीच्या. विंडोज २०००पासून युनिकोड मराठी वापरता येऊ लागली आणि यंत्राला आपली भाषा प्रथमच 'मराठी' म्हणून दिसली. तेव्हाच काय उपलब्ध नाही हेही खरेपणाने दिसू लागले.

मेनू आपल्या मजकुराविषयी बोलत नाही. मजकुराबद्दल यंत्राची जी समजूत आहे, तिच्याविषयी बोलतो. म्हणून आज्ञा करडी दिसली की वर्ड नव्याने बसवण्याआधी चार प्रश्न विचारावेत. कर्सर कोठे आहे: मुख्य मजकुरात, टेक्स्ट बॉक्समध्ये की पानाच्या शीर्षभागात? आज्ञेला आधी काही निवडलेले असणे आवश्यक आहे का? फाईल संरक्षित किंवा केवळ वाचनासाठी उघडलेली आहे का? मार्गदर्शकांकडून परत आलेल्या फाइलींत हे हमखास आढळते. आणि फाईल जुन्या स्वरूपाची आहे का? वर्ड २००७पासून जुन्या स्वरूपाच्या फाइलीत नव्या पद्धतीचे गणिती समीकरण घालण्याची सोय फिकट राहते. फाईल नव्या स्वरूपात बदलली की ती जागी होते.

पाठ्यातील मौनाचा अर्थ त्याच्या संदर्भात शोधायला आपण वर्गात शिकवतो. त्या विद्यार्थिनीने शेवटी ओव्या चौकटीतून बाहेर काढल्या, समास सोडून मांडल्या आणि प्रत्येकीला तळटीप दिली. प्रबंध वेळेत सादर झाला. वर्ड पुन्हा बसवण्यात गेलेली दुपार मात्र वाया गेली. ते एक वाक्य पडद्यावर उमटले असते, तर ती वाचली असती.