खिळ्याची ती काय कथा!

मंडळी, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्याला आठवतात. खिळ्यालाही इतिहास असतो असे कुणी म्हटले तर आपण हसू. पण अठराव्या शतकात जगातले एक बलाढ्य आरमार याच खिळ्यापायी खिळखिळे व्हायची वेळ आली होती. ती गोष्ट आज सांगतो.

उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारी एक कीड असते. ती जहाजाचे बूड आतून चाळणीसारखे करून टाकते. त्यात शेवाळ आणि शिंपल्या चिकटल्या की जहाजाचा वेगही जातो. यावर उपाय म्हणून इंग्रजांनी 1761 मध्ये 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेचे बूड तांब्याच्या पातळ पत्र्याने मढवले आणि तिला वेस्ट इंडीजला धाडले. 1763 मध्ये तपासणी झाली. कीड लागली नव्हती, पण पत्रे ठिकठिकाणी सुटले होते. ते ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते, ते खिळेच विरघळल्यासारखे झाले होते. गंमत म्हणजे काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे तिथे खिळा आणि तांबे यांच्यामध्ये राहून गेले होते!

निष्कर्ष स्वच्छ होता. समुद्राच्या पाण्यात लोखंड आणि तांबे एकमेकांना टेकू देऊ नका. शेरा लिहिला गेला. पुढे अमेरिकेच्या युद्धाची घाई आली आणि 1779 पासून आरमारातली जहाजे भराभर तांब्याने मढवली जाऊ लागली. पत्र्याचे खिळे बदलले, पण जहाजाचा सांगाडा जोडणारे मोठे बोल्ट लोखंडाचेच राहिले. मध्ये डांबरी कागद घातला की भागेल, असा हिशेब होता. पाणी काही तो हिशेब मानत नव्हते. बाहेरून बूड चकचकीत आणि आत बोल्ट कुजलेले, अशी गत झाली. त्या बोल्टांवर शेकडो खलाशांचे जीव टांगलेले होते. कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. शेरा बरोबर असतो, पण फाईल पुढे सरकते ती घाईच्या कामाची.

मग तांब्याचेच बोल्ट का नाही वापरले? कारण शुद्ध तांबे मऊ. जाड सागवानी वा ओकच्या लाकडात घणाने ठोकायला जावे तर ते वाकते. 1783 च्या सुमारास तांबे थंड असतानाच रुळांतून दाबून कठीण करण्याची युक्ती निघाली आणि तसे बोल्ट आरमाराने स्वीकारले. 1832 मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मुंट्झने साठ भाग तांबे आणि चाळीस भाग जस्त अशा पितळेचे पेटंट घेतले. तांब्यापेक्षा स्वस्त आणि तापवून हवे तसे लाटता येणारे. या धातूचे पत्रे आणि बोल्ट दोन्ही निघाले. 1869 चे प्रसिद्ध 'कटी सार्क' याच धातूने मढवले होते. पण त्यातही खोट होतीच. समुद्राचे पाणी पितळेतले जस्त हळूहळू खाऊन टाकते आणि मागे ठिसूळ तांबे उरते. म्हणून पुढे त्यात थोडे कथील मिसळू लागले.

या सगळ्यामागचे शास्त्र मात्र उशिरा कळले. व्होल्टाची विजेची घटमाला 1800 ची. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात जोडले की वीज वाहते आणि त्यांतला दुबळा धातू झिजतो. त्यातून दुबळा धातू आकाराने लहान आणि बलवान मोठा असेल, तर लहानग्याचा निकाल झटपट लागतो. लोखंडी खिळा आणि तांब्याचा भलामोठा पत्रा ही नेमकी तशीच जोडी. म्हणून नियम असा, की खिळा ज्याला जोडतो त्याच्यापेक्षा कमअस्सल नसावा. आज पोलादी जहाजांच्या बुडाला जस्ताचे ठोकळे मुद्दाम लावतात, ते हेच शास्त्र उलटे वापरून. जस्ताने झिजावे आणि पोलाद वाचावे.

आता आपल्याकडचे. ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडाला खाते, सागवान त्या मानाने सोसते. मुंबईच्या आणि दमणच्या सागवानी जहाजांना मान होता, त्याचे हेही एक कारण. दमणला 1843 मध्ये बांधलेली पोर्तुगीजांची 'दों फेर्नांदु दुसरा इ ग्लोरिया' ही फ्रिगेट नगर हवेलीच्या सागवानाचीच. आणि त्याच्याही कितीतरी आधी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खिळाच न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजे बांधत. त्या पद्धतीने गोव्यात बांधलेले 'कौंडिण्य' 2025 मध्ये नौदलात दाखल झाले. काथ्याला गंज चढत नाही, त्याच्यामुळे दुसऱ्यालाही चढत नाही.

दाराची बिजागरी बसवताना स्क्रू कुठलाही चालेल असे आपण सर्रास म्हणतो. आपल्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात तो कुठलाही चालत नाही, हे पुढच्या वेळी दुकानात उभे असताना आठवावे, एवढेच सांगणे.