धूळ कोणती, तारा कोणता?

१८८७ साली पॅरिसच्या परिषदेत साऱ्या आकाशाचा नकाशा छायाचित्रांवरून करायचे ठरले. काम निरनिराळ्या देशांतील वेधशाळांनी वाटून घेतले. उणे १७ ते उणे २३ अंश क्रांतीचा पट्टा आधी चिलीतील सँटियागोकडे होता. पुढे तो हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, त्यामुळे या कामाला आपल्या इतिहासात जागा द्यायला हरकत नसावी.

या योजनेतली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. काचेवरच्या लेपात कण, टाचणीएवढी छिद्रे, ओरखडे असायचेच, आणि ते थेट ताऱ्यांसारखे दिसत. म्हणून नकाशाच्या काचांवर एकाच भागाचे तीनदा चित्रण करीत, दर वेळी दुर्बीण किंचित सरकवून. खरा तारा तीन ठिपक्यांचा चिमुकला त्रिकोण होऊन उमटे. डाग मात्र एकटाच राही.

सव्वाशे वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे. १९९७ च्या हेल-बॉप धूमकेतूच्या माझ्या रंगीत स्लाइड पनवेलच्या पावसाळी दमटपणात बुरशी धरू लागल्या, तेव्हा त्यांच्या डिजिटल प्रती घरीच करायला घेतल्या. मांडणी साधी आहे: खाली एलईडीचा पांढरा प्रकाशफलक, त्यावर स्लाइड, वर स्टँडला उलटा लावलेला कॅमेरा आणि मॅक्रो भिंग. स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी आले की कॅमेरा समांतर झाला. चित्र रॉ स्वरूपात, आणि प्रत्येक स्लाइडची कमी-जास्त प्रकाशाची दोन-तीन चित्रे, कारण काळ्या आकाशातली धूमकेतूची शेपटी आणि त्याचे झगझगीत डोके एकाच चित्रात नीट येत नाहीत.

खरी कसोटी साफसफाईची. संगणकातली धूळ काढण्याची सोय लग्नाच्या फोटोंना उत्तम. आकाशाच्या फोटोत ती बारीक तारेही पुसून टाकते, आणि पुसलेले कळतही नाही. म्हणून मी प्रत्येक स्लाइडची प्रत दोनदा घेतो, मध्ये रबरी फुंकणीने हवा मारून. जो ठिपका हलला किंवा नाहीसा झाला, ती धूळ. बुरशी आणि ओरखडे असे हलत नाहीत. तिथे त्याच रात्रीची पुढची स्लाइड काढून जुळवायची. तारा दोन्हींत शेजाऱ्यांपासून तेवढ्याच अंतरावर सापडतो, बुरशी सापडत नाही. त्रिकोणाचीच ही घरगुती आवृत्ती.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण टाकून देतात: स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट. तारीख, वेळ, ठिकाण, किती सेकंद उघडझाप ठेवली, हे सगळे तिच्यावरच पेन्सिलीने लिहिलेले असते. कोडाईकनालला १९०४ पासूनच्या सूर्याच्या छायाचित्रांचे डिजिटायझेशन झाले, तिथेही चित्राइतकीच त्याची नोंदलेली वेळ महत्त्वाची. वेळ नसेल तर डाग सूर्याच्या कोणत्या रेखांशावर होता हे सांगताच येत नाही. म्हणून मी स्लाइडच्या आधी चौकटीचा फोटो काढतो, दोन्ही बाजूंचा, आणि दोन्ही फायलींना एकच क्रमांक देतो.