एका खेळीचे मानकरी

नाव उच्चारताच चाहत्यांना ज्यांची एकच खेळी, एकच चेंडू किंवा एकच फटका आठवतो, अशा खेळाडूंची ही नोंद आहे. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये अशा आठवणींची मोठी परंपरा आहे. २३ नोव्हेंबर १९८४ रोजी बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने मायामी विद्यापीठाविरुद्ध अखेरच्या क्षणी चेंडू लांबवर भिरकावला, जेरार्ड फीलनने तो गोलपट्टीत झेलला आणि सामना ४७–४५ असा फिरला. फ्लूटी पुढे कॅनडात आणि अमेरिकेत कितीतरी वर्षे व्यावसायिक फुटबॉल खेळला, तरी त्याची ओळख त्या फेकीनेच होते. आपल्याकडे कॉलेजच्या सामन्यांना तशी गर्दी जमत नाही. ती जागा मुंबईत हॅरिस शील्ड व जाइल्स शील्ड या शालेय स्पर्धांनी, पुढच्या टप्प्यावर रणजी करंडकाने आणि अर्थातच भारतीय संघाच्या सामन्यांनी घेतली. त्यामुळे या नोंदीचा भर क्रिकेटवर आहे.

शार्दूल ठाकूर (जन्म : १६ ऑक्टोबर १९९१, पालघर). मध्यमगती गोलंदाज व तळाचा फलंदाज. पालघरजवळच्या माहीम गावचा. नारळ-सुपारीच्या वाड्या आणि पानवेली यांसाठी हा किनारा ओळखला जातो. ठाकूर कुटुंबही शेती करणारे.

शार्दूलच्या शालेय क्रिकेटची सुरुवात तारापूर–बोईसर पट्ट्यातली. १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र तारापूरला सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि बोईसरला नोकरदार वस्ती, शाळा व मैदाने आली. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना शार्दूलने बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध ७८ धावा केल्या व पाच बळी घेतले. त्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला तिथेच हेरले. रोहित शर्माही त्यांच्याच हाताखाली घडलेला. रोज पालघरहून बोरिवली गाठणे विद्यार्थ्याला झेपणारे नव्हते, म्हणून लाड यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. (लाड यांना २०२२चा जीवनगौरव द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.) स्वामी विवेकानंद शाळेकडून हॅरिस शील्डमध्ये शार्दूलने एका षटकात सहा षटकार मारले. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये त्याचे नाव त्या षटकाने पोहोचले. म्हणजे ‘एका खेळीचा मानकरी’ तो शाळेतच झाला होता.

या ठिकाणी प्रवासाविषयी चार ओळी आवश्यक आहेत, कारण सामन्यांच्या वृत्तांतांत त्या सापडत नाहीत. पश्चिम रेल्वेची लोकल एप्रिल २०१३मध्ये डहाणू रोडपर्यंत आली. तोपर्यंत विरारच्या पुढचा माणूस शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर अवलंबून असे. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर या स्थानकांवरच्या माणसाची एक गाडी चुकली की दिवसाचे गणित बिघडे. मुंबईच्या मैदानात सकाळी हजर राहायचे तर पालघरच्या मुलाला पहाटेची गाडी धरावी लागे. खांद्यावरची किटबॅग म्हणजे बॅट, पॅड, हेल्मेट, बूट आणि डबा मिळून जवळजवळ एका माणसाची जागा. गर्दीच्या डब्यात ती दारातून आत ओढून घेणे, कुणाच्या पायावर न आपटता कोपऱ्यात उभी करणे आणि उतरताना आधी तिला फलाटावर सोडून मग स्वतः उतरणे, हेही एक कौशल्यच आहे. या पट्ट्यातली मुले ते गोलंदाजीच्या आधी शिकतात. २०१८मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून आलेल्या शार्दूलने अंधेरीहून पालघरची लोकल धरली. पहिल्या वर्गाच्या डब्यातल्या कॉलेजच्या मुलांनी मोबाइलवर त्याचा फोटो शोधून, समोर बसलेला माणूस तोच आहे याची खात्री करून घेतली आणि मग सेल्फी काढले.

कसोटी पदार्पण ऑक्टोबर २०१८, हैदराबाद, वेस्ट इंडीजविरुद्ध. दहा चेंडू टाकल्यावर जांघेचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. दुसऱ्या कसोटीसाठी सव्वादोन वर्षे थांबावे लागले.

ती कसोटी म्हणजे ब्रिस्बेनचे गॅबा मैदान, १५ ते १९ जानेवारी २०२१. बुमरा, अश्विन, जडेजा, शमी, उमेश यादव हे सारे जायबंदी. वॉशिंग्टन सुंदर आणि नटराजन यांची ती पहिलीच कसोटी. शार्दूलने आपल्या पहिल्याच चेंडूवर मार्कस हॅरिसला बाद केले. ऑस्ट्रेलियाच्या ३६९ धावांना उत्तर देताना भारत ६ बाद १८६ असा अडकला होता, तेव्हा तो फलंदाजीला आला. कसोटीतील त्याची पहिली धाव षटकाराने निघाली, गोलंदाज पॅट कमिन्स. अर्धशतकही षटकारानेच, नेथन लायनला. त्याने ६७ व सुंदरने ६२ धावा करून सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भर घातली. ती झाली नसती तर भारत दीडशेहून अधिक धावांनी मागे पडला असता. प्रत्यक्षात पिछाडी ३३ धावांचीच राहिली. दुसऱ्या डावात त्याने ६१ धावांत ४ बळी घेतले. त्यातला कॅमरन ग्रीन स्लिपमध्ये रोहित शर्माने टिपला. एकाच प्रशिक्षकाच्या दोन शिष्यांनी मिळून घेतलेला हा बळी नोंदवायलाच हवा. अखेरच्या दिवशी पंतच्या नाबाद ८९ धावांच्या जोरावर भारताने ३२८चे लक्ष्य तीन गडी राखून गाठले. १९८८नंतर गॅबावर ऑस्ट्रेलिया पहिल्यांदा हरली ती तेव्हा.

चाहते गॅबाचे श्रेय बहुधा पंतच्या शेवटच्या दिवसाला देतात. नोंदकाराच्या मते सामना वाचला तो सातव्या जोडीमुळे, आणि मालिकाही. याबाबत मतभेद आहेत.

शार्दूलची ‘लॉर्ड’ ही उपाधी समाजमाध्यमांवर रूढ झाली. ती प्रथम कोणी दिली याचे दावे अनेक आहेत. सप्टेंबर २०२१मध्ये ओव्हलवर ५७ व ६०, त्यातले पहिले अर्धशतक ३१ चेंडूंत. जानेवारी २०२२मध्ये जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी, परंतु भारत हरला आणि ती कामगिरी मागे पडली. मार्च २०२४मध्ये तामिळनाडूविरुद्धच्या रणजी उपान्त्य सामन्यात मुंबई ७ बाद १०६ असताना तो आला आणि त्याने १०५ चेंडूंत १०९ धावा केल्या. प्रथम श्रेणीतील त्याचे ते पहिले शतक. विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या पहिल्या डावातही त्याने ७५ धावा केल्या. मुंबईने ४२व्यांदा करंडक जिंकला.

हृषीकेश कानिटकर (पुणे). १८ जानेवारी १९९८, ढाका, पाकिस्तानविरुद्ध इंडिपेंडन्स कपचा तिसरा अंतिम सामना. सईद अन्वरच्या १४० आणि एजाझ अहमदच्या ११७ धावांच्या बळावर पाकिस्तानने ४८ षटकांत ३१४ धावा केल्या होत्या. एवढे लक्ष्य तोवर कोणीच पार केले नव्हते. गांगुलीने १२४ व रॉबिन सिंगने ८२ धावा करून पाया घातला. प्रकाश कमी होत गेला, गडी पडत गेले. दोन चेंडूंत तीन धावा हव्या असताना डावखुऱ्या कानिटकरने सकलेन मुश्ताकला मिडविकेटकडे चौकार मारला. ज्यांनी तो सामना पाहिला, त्यांना तो फटका आजही तारीखवार सांगता येतो.

कानिटकरच्या कारकिर्दीचा बाकी तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. तो ३४ एकदिवसीय सामने व २ कसोट्या खेळला. वडील हेमंत कानिटकर हेही दोनच कसोट्या खेळलेले, आणि पहिल्याच कसोटीत त्यांनी ६५ धावा केल्या होत्या. हृषीकेशने प्रथम श्रेणीत दहा हजारांहून अधिक धावा केल्या. राजस्थानला पहिला रणजी करंडक २०१०–११मध्ये मिळाला, तो त्याच्या नेतृत्वाखाली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. २०२२चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो मुख्य प्रशिक्षक होता. हे सारे एका चौकाराच्या खाली दबून राहावे, ही खंत येथे स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. ढाक्याचा तो फटका संघातल्या एका नवख्याने मारला. राजस्थानचे दोन करंडक त्याने वयाच्या पस्तिशीनंतर, रिकाम्या स्टँडसमोर जिंकून दिले.

भाऊसाहेब निंबाळकर (१९१९–२०१२, कोल्हापूर). डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ४९ चौकार, एक षटकार. महाराष्ट्र ४ बाद ८२६. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ हा त्या वेळचा विश्वविक्रम नऊ धावांवर होता, आणि काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. या निर्णयामागच्या कारणांची वर्णने एकसारखी नाहीत. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील ती आजही सर्वोच्च खेळी आहे. निंबाळकरांना कसोटी संघात एकदाही स्थान मिळाले नाही. २००२मध्ये सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. वयाची ९३ वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस असताना निधन.

बलविंदरसिंग संधू (मुंबई). २५ जून १९८३, लॉर्ड्स, विश्वचषकाचा अंतिम सामना. चेंडू बाहेर जाणार म्हणून वेस्ट इंडीजच्या गॉर्डन ग्रिनिजने बॅट वर उचलली. चेंडू आत वळला आणि ऑफ स्टंपवर गेला. शेवटच्या जोडीत किरमाणींबरोबर संधूने २२ धावांची भर घातली, मार्शलचा उसळता चेंडू हेल्मेटवर झेलून. भारत १८३वर थांबला आणि ४३ धावांनी जिंकला, हे पाहता त्या २२ धावा किरकोळ नाहीत.

प्रणव धनावडे (कल्याण). ४ व ५ जानेवारी २०१६, भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धा, नाबाद १००९. आधीचा विक्रम इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा, नाबाद ६२८, सन १८९९. मैदानाचा आकार व प्रतिस्पर्ध्यांचा वकूब यांवर टीका झाली. ती येथे विचारात घेतलेली नाही, कारण तेवढा वेळ खेळपट्टीवर उभे राहून हजार धावा काढणे कोणत्याही मैदानावर सोपे नसते.

कबड्डी व खो-खो. यांतल्या खेळी येथे नाहीत, कारण गुणपत्रकात गुण मिळतात, चढाई किंवा पाठलाग कसा झाला ते मिळत नाही.

पालघर जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. शार्दूलचे बोईसरचे शालेय क्रिकेट त्यामुळे कागदोपत्री ठाणे जिल्ह्यातले ठरते. त्याची रणजीतली कामगिरी मात्र मुंबईच्या नावावर आहे, कारण रणजीत पालघरचा खेळाडू मुंबईकडूनच खेळतो.