‘कृतज्ञ मृतां’चे श्रोते

युरोपांतील अनेक देशांच्या लोककथांत एक गोष्ट निरनिराळ्या वेषांत आढळते. एक तरुण प्रवासाला निघतो. वाटेंत एका गांवीं त्याला एक प्रेत तसेंच पडलेलें दिसतें. मेलेल्या माणसानें कर्ज फेडलें नव्हतें, म्हणून सावकार त्याचें दफन होऊं देत नाहींत. तरुण जवळचे सारे पैसे देऊन तें कर्ज फेडतो, प्रेताला मूठमाती देतो आणि रिकाम्या हातांनीं पुढें जातो. पुढें संकटसमयीं एक अनोळखी सोबती त्याच्या मदतीला धांवून येतो, आणि शेवटीं कळतें कीं हा सोबती म्हणजे तो मेलेला माणूसच होता. लोककथांच्या अभ्यासकांनीं या कथाप्रकाराला ‘कृतज्ञ मृत’ असें नांव दिलें आहे. १९६५ च्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील पांच तरुण वादक आपल्या जथ्यासाठीं नवें नांव शोधीत होते. त्यांच्यांतील जेरी गार्सिया यानें सहज एक कोश उघडला आणि त्याची नजर नेमकी या दोन शब्दांवर पडली. ‘ग्रेटफुल डेड’ हें नांव त्या दिवसापासूनचें.

या जथ्यानें पुढें तीस वर्षें, म्हणजे १९९५ पर्यंत, २,३०० हून अधिक जलसे केले. एवढ्या काळांत अमेरिकेंतील पहिल्या दहा लोकप्रिय गाण्यांत त्याचें एकच गाणें जाऊन बसलें, आणि तेंहि जथा स्थापन झाल्यावर बावीस वर्षांनीं. असें असूनहि शेवटच्या काळांत तिकीटविक्रीवर सर्वांत अधिक पैसा मिळवणाऱ्या अमेरिकन मंडळींत त्याची गणना होत असे. हा उलटा हिशोब ज्यांच्यामुळें जुळला ते म्हणजे त्याचे श्रोते. ‘डेडहेड’ या नांवानें ते ओळखले जातात. भटके, नशेबाज, रंगीबेरंगी सदऱ्यांतले रिकामटेकडे, अशी त्यांची थट्टा वर्षानुवर्षें झाली, आणि त्या थट्टेंत कांहींच तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु याच लोकांनीं आपल्या आवडत्या वाद्यवृंदाचें दप्तर ज्या निष्ठेनें राखलें, तशी निष्ठा पगारी दप्तरदारांतहि क्वचितच आढळते.

एकाच वाद्यवृंदाला एकाच माणसानें पन्नास वेळां, शंभर वेळां ऐकावें, याचें कारण प्रथम संगीतांतच शोधावें लागतें. रॉक संगीताचे बहुतेक जथे ध्वनिमुद्रिकेवरील गाणें रंगमंचावर जसेंच्या तसें वाजवून दाखवतात. श्रोत्यांची अपेक्षाहि तीच असते. ‘ग्रेटफुल डेड’चा मार्ग याच्या अगदीं उलट होता. गार्सिया बँजो वाजवणारा, डोंगरी लोकसंगीतांत मुरलेला. फिल लेश यानें नवपाश्चात्य रचनाशास्त्राचा अभ्यास केलेला. रॉन मॅकर्नन निग्रो ‘ब्लूज’ गाण्यांवर वाढलेला. बॉब वीअर आणि तालवादक बिल क्रॉइट्समन हे उरलेले दोघे. आज काय वाजवावयाचें हें ते बहुधा रंगमंचावर गेल्यावरच ठरवीत. ‘डार्क स्टार’ हें त्यांचें गाणें १९६८ मध्यें ध्वनिमुद्रिकेवर तीन मिनिटांच्या आंत संपलें. पुढच्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या जलशाच्या मुद्रणांत तें तेवीस मिनिटें चाललें. चीज तीच, परंतु विस्तार रोज नवा, ही गोष्ट आपल्याकडील मैफलींत बसणाऱ्याला समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

येथें एक प्रत्यक्ष धागाहि आहे. १९६७ मध्यें जथ्यांत आलेला दुसरा तालवादक मिकी हार्ट याची त्याच वर्षीं मुंबईच्या उस्ताद अल्लारखाँ यांच्याशीं गांठ पडली. तबल्यांतील लयीच्या हिशोबांनीं तो भारावून गेला. पुढील वर्षीं जथा अकरा मात्रांची एक चीज वाजवूं लागला. तिचें नांवच ‘इलेव्हन’. उस्तादांचे चिरंजीव झाकीर हुसेन यांच्या सहकार्यानें हार्टनें १९७६ मध्यें ‘दिगा’ ही तालवाद्यांची ध्वनिमुद्रिका काढली, आणि दोघांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला १९९२ मध्यें जागतिक संगीताचें पहिलें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. ‘ग्रेटफुल डेड’च्या जलशाच्या उत्तरार्धांत नुसत्या तालवाद्यांचा एक दीर्घ भाग असे. हजारों अमेरिकन तरुण तो मान डोलवीत ऐकत. त्या भागामागें माहीमच्या एका घरांतील तालीम आहे हें त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असावें.

रोजचा जलसा निराळा, म्हणजे कालचा जलसा गेला तो गेलाच. ही हळहळ श्रोत्यांना लागली आणि तेथूनच खरा इतिहास सुरू होतो. १९७१ मध्यें निघालेल्या जोडध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनांत जथ्यानें एक लहानसें निवेदन छापलें: आमच्या वेड्यांनो, तुम्ही कोण, कोठें राहतां, कसे आहांत, तें पत्त्यासह कळवा, अशा आशयाचें. पत्रांचा पूर आला. त्या पत्त्यांवर वार्तापत्रें जाऊं लागलीं, आणि जाहिरातदाराला मध्यें न घेतां वादक व श्रोते यांच्यांत सरळ पत्रव्यवहार सुरू झाला. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत कांहीं तरुणांनीं जलशांच्या चोरून मुद्रित केलेल्या फिती एकमेकांना फुकट उतरवून देणारें एक मंडळ काढलें. १९७४ मध्यें त्यांतूनच ‘डेड रेलिक्स’ हें नियतकालिक जन्मास आलें.

चोरून हा शब्द येथें शब्दशः घ्यावयाचा. टेपर, म्हणजे फीत भरणारे लोक, आपलीं यंत्रें कपड्यांत आणि पिशव्यांत लपवून आंत नेत. जथ्याचे नोकर तीं हुडकून काढीत आणि प्रसंगीं तारा कापून टाकीत. पण वादकांचें मन या कामांत कधींच नव्हतें. गार्सियानें स्वतः १९६४ मध्यें एका मित्रासह मोटारीनें अर्धी अमेरिका ओलांडली होती, ती ‘ब्लूग्रास’ गायकांचे जलसे फितींवर भरून घेण्यासाठींच! आपण तरुणपणीं केलेली गोष्ट दुसऱ्यांना करूं न देण्याइतका तो कोता नव्हता. आमचें वाजवून झालें कीं तें ऐकणाऱ्यांचें, असा त्याचा अभिप्राय होता. अखेर भांडण मिटलें तें तत्त्वावरून नव्हे, तर सोयीवरून. टेपरांच्या उंच काठ्यांवरील मायक्रोफोनांच्या रानामुळें ध्वनियोजकाला रंगमंच दिसेनासा झाला. तेव्हां २७ ऑक्टोबर १९८४ रोजीं बर्कली येथील जलशापासून त्याच्या मेजामागें टेपरांना स्वतंत्र जागा देण्यांत आली आणि तिचीं तिकिटें वेगळीं विकलीं जाऊं लागलीं. धंद्याच्या जगांत ज्याला चोरी म्हणत, त्याला येथें राखीव खुर्ची मिळाली.

या फितींच्या देवघेवीचा एक अलिखित कायदा होता: फीत विकावयाची नाहीं. ज्याला जलसा हवा असेल त्यानें कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवावा. ज्याच्यापाशीं मुद्रण असेल त्यानें तें उतरवून द्यावें. एका जलशाला ९० मिनिटांच्या दोन-तीन कॅसेटी लागत, आणि उतरवण्यास जलशाइतकाच वेळ लागे. प्रतीवरून प्रत निघतांना प्रत्येक पायरीला खरखर वाढे. म्हणून आपली प्रत मूळ फितीपासून कितव्या पिढीची आहे याची वंशावळ प्रत्येक संग्राहक कुळवृत्तान्ताप्रमाणें लिहून ठेवी. कोणत्या रात्रीं कोणतें गाणें कोणत्या क्रमानें झालें, याच्या याद्याहि जमूं लागल्या. त्या पडताळून तिघा चाहत्यांनीं १९८७ मध्यें ‘डेडबेस’ हा जाडजूड ग्रंथ छापला. डिक लॅटव्हाला हा असाच एक फीतवेडा. हवाई बेटांत राहून, समुद्रापलीकडच्या लोकांना पत्रें लिहून त्यानें आपला संग्रह वाढवला. पुढें जथ्यानें त्यालाच आपल्या कोठाराचा रखवालदार नेमलें, आणि १९९३ पासून त्यानें निवडलेले जुने जलसे त्याच्याच नांवानें प्रसिद्ध होऊं लागले. श्रोत्याच्या कानावर एवढा भरंवसा टाकणारे कलावंत विरळाच.

जलशाबाहेरचें जगहि पाहण्यासारखें होतें. जथा गांवोगांव फिरे आणि त्याच्या मागोमाग कित्येक लोक जुन्या मोटारींतून फिरत. मैदानांत गाड्या उभ्या राहिल्या कीं बाजार भरे. कोणी चिजाचें सँडविच भाजी, कोणी गांठी मारून रंगवलेले सदरे विकी, आणि त्या कमाईवर पुढच्या गांवचें तिकीट निघे. १९८३ पासून तिकिटें टपालानें थेट जथ्याच्या कचेरींतून मिळूं लागलीं, तेव्हां आपलें पाकीट कारकुनाच्या नजरेंत भरावें म्हणून लोक त्यावर रंगीत चित्रें काढूं लागले. बहिऱ्यांसाठीं वेगळी जागा होती. तेथें शब्द हातवाऱ्यांनीं सांगितले जात, आणि बहिरे लोक हातांत फुगा धरून त्याच्या थरथरींतून संगीत अनुभवीत. नशा सोडलेल्यांचें ‘वॉर्फ रॅट्स’ नांवाचें एक मंडळ होतें. मध्यंतरांत पिवळ्या फुग्यांखालीं जमून ते एकमेकांना धीर देत, कारण सभोंवतीं नशेचा सुकाळ होता. हें लपवण्यांत अर्थ नाहीं. एल. एस. डी. या द्रव्याशीं जथ्याचें नातें आरंभापासूनचें होतें. त्याचा पहिला आश्रयदाता आणि ध्वनियोजक ऑउस्ली स्टॅन्ली हाच त्या द्रव्याचा नामांकित उत्पादक होता. पुढें कडक कायदे झाल्यावर याच मेळ्यांतील अनेक तरुणांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या.

भक्तीचें ओझें किती होऊं शकतें हें १९८७ नंतर दिसलें. ‘टच ऑफ ग्रे’ हें तें एकमेव गाजलेलें गाणें त्या वर्षीं निघालें. आदल्याच वर्षीं गार्सिया मधुमेहानें बेशुद्ध पडून मरणाच्या दारांतून परत आला होता आणि गिटार पुन्हां नव्यानें शिकला होता. गाण्यानें नवे लोक आणले. पुष्कळांना संगीताशीं कर्तव्य नव्हतें. मैदानांतल्या जत्रेची गंमत त्यांना हवी होती. गांवें जथ्याला जागा नाकारूं लागलीं. १९८९ मध्यें जथ्यानें बाजारावर आणि मुक्कामावर बंदी घातली. ती फार थोड्यांनीं पाळली. वाढत्या जमावाला पुरे पडावें म्हणून मैदानें मोठीं घ्यावीं लागलीं. मैदानें मोठीं म्हणून खर्च मोठा, खर्च मोठा म्हणून विश्रांति नाहीं. कित्येकांचें पोट आपल्या वाजवण्यावर चालतें, याची जाणीव गार्सियाला होती, आणि व्यसन तर त्याला सुटलेलें नव्हतेंच. श्रोत्यांनीं त्याला मारलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु त्यांच्या प्रेमानें त्याला थांबूं दिलें नाहीं, एवढें म्हणावेंच लागतें.

२ जुलै १९९५ रोजीं इंडियाना राज्यांतील डीअर क्रीक येथें बिनतिकीट हजारोंनीं कुंपण पाडलें आणि आंत उडी घेतली. आंतले कांहीं तिकीटवाले त्यांना टाळ्या वाजवून उत्तेजन देत होते. त्याच दिवशीं गार्सियाला ठार मारण्याची धमकी आलेली, म्हणून सभागृहांतले दिवे चालू ठेवून जलसा झाला. दुसऱ्या दिवसाचा जलसा रद्द करावा लागला. वादकांनीं श्रोत्यांना उद्देशून पत्रक काढलें: असेंच चालणार असेल तर आमचे दौरे संपतील. दौरे संपले, पण निराळ्या कारणानें. ९ जुलैला शिकागोच्या सोल्जर फील्डवर शेवटचा जलसा झाला आणि ९ ऑगस्टला व्यसनमुक्तीच्या एका आश्रमांत गार्सिया हृदयक्रिया बंद पडून वारला. त्याचें वय ५३ वर्षांचें होतें. पुढच्या एप्रिलमध्यें त्याची पत्नी आणि बॉब वीअर यांनीं त्याच्या रक्षेचा एक भाग हृषीकेश येथें गंगेंत सोडला.

वादक गेला, फिती राहिल्या, आणि त्यांच्यावरून पुन्हां वाद झाला. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनें चाहत्यांचीं सारीं मुद्रणें सर्वांना फुकट खुलीं केलीं होतीं. नोव्हेंबर २००५ मध्यें जथ्याच्या व्यवस्थापकांनीं तीं काढून घेण्यास सांगितलें. चाहते खवळले; ज्यांनीं तीस वर्षें फीत विकली नाहीं, त्यांनाच आतां विकत घ्या म्हणणें त्यांना झोंबलें. लेशनेंहि आपण या निर्णयांत नव्हतों असें जाहीर केलें. थोड्याच दिवसांत तडजोड निघाली: प्रेक्षकांत बसून भरलेलीं मुद्रणें उतरवून घेण्यास मोकळीक, ध्वनियोजकाच्या मेजावरून घेतलेलीं मात्र नुसतीं ऐकावयाचीं.

या दुसऱ्या जातीच्या फितींची एक कथा सांगण्यासारखी आहे. जथ्याची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन हिनें सत्तरीच्या दशकांत शेंकडों फिती भरल्या. पुढें तिला गोदामाचें भाडें देणें जमेना, आणि १९८६ मध्यें थकबाकीपायीं त्या लिलांवांत गेल्या. घेणारांपैकीं कांहींनीं त्या दुरुस्त करून इतरांना उतरवूं दिल्या, आणि अशा रीतीनें ८ मे १९७७ रोजीं कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्यें झालेला जलसा देशभर घरोघरीं पोंचला. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें २०१२ मध्यें त्याला जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या यादींत घेतलें, तोंवर तो बाजारांत अधिकृतपणें निघालेलाहि नव्हता. मूळ फिती परत मिळून तो २०१७ मध्यें, बरोबर चाळीस वर्षांनीं, विक्रीस आला. ज्यांच्या कपाटांत त्याची खरखरती जुनी कॅसेट होती, त्यांनींहि तो विकत घेतला, आणि कॅसेट टाकून दिली नाहीं.